बादलीतला कटला



मागच्या दोन-तीन लेखांत मी तुम्हाला जुन्या सुरतेच्या आणि गिरणीतल्या गोष्टी सांगितल्या. त्यावर आपल्या मंडळातल्या एका कॉलेजकन्येचा निरोप आला : "आप्पा, तुम्ही नेहमी पन्नास वर्षांपूर्वीचंच लिहिता. गेल्या संक्रांतीच्या सहलीत काय झालं, ते लिहा ना." मी टाळत होतो, कारण त्या दिवशी पंच मीच होतो. पण मंडळात त्या प्रसंगाच्या तीन-चार आवृत्त्या फिरतायत आणि प्रत्येकीत मासा थोडा थोडा वाढतोय, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

जे आले नव्हते त्यांच्यासाठी : संक्रांतीनंतरच्या रविवारी आपण पलसाण्याजवळ एका सभासदाच्या शेतावर जमलो होतो. मुंबईचा महामार्ग आणि आपला धुळ्याकडे जाणारा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, तिथून पुढे आत, उसाच्या फडांमधून. शेतात एक मोठं तळं आहे. काकरापारच्या कालव्याचं पाणी त्यात येतं, म्हणजे तापीचंच. रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडून दोन वर्षं झालेली. बायकांचं हळदीकुंकू, पुरुषांचा पोंक आणि गप्पा, पण दहा ते सतरा वयाच्या पोरांनी काय करायचं? दरवर्षी ती मोबाइल घेऊन झाडाखाली बसतात. म्हणून मी सुचवलं, गळ टाकायची स्पर्धा घेऊ.

तेवीस मुलं-मुली उतरल्या. नियम मी तोंडीच सांगितले. प्रत्येकाला एकच बांबूची काठी, सारखी दोरी, सारखा गळ. एका मुलाने वडिलांनी परदेशातून आणलेली रीळवाली काठी आणली होती, ती मी गाडीत ठेवायला लावली. आमिष म्हणून कणकेची गोळी किंवा गांडूळ. वेळ सात ते दहा. सर्वांत वजनदार मासा ज्याचा, तो पहिला. मासा पाण्याच्या बादलीत घालून आणायचा, बादलीसकट तोलायचा, बादली-पाण्याचं वजन वजा करायचं आणि लगेच तळ्यात सोडायचा. आपल्यात माळकरी घरं बरीच. मासा मारायचा नाही, या अटीवरच परवानगी मिळाली होती.

पहिला तास कोरडा गेला. मग एकेक मासा येऊ लागला. पाव किलो, तीनशे ग्रॅम. कडोदऱ्याच्या एका मुलीने 640 ग्रॅमचा रोहू आणला तेव्हा टाळ्या पडल्या. आणि दहाला दहा मिनिटं कमी असताना बांधाच्या पलीकडच्या कोपऱ्यातून एक चौदा वर्षांचा मुलगा बादली घेऊन आला. मागे त्याचे वडील. ताणकाट्यावर मासा भरला 1 किलो 850 ग्रॅम. कटला. एकच आरडाओरडा झाला. मीही त्या भरात त्याचं नाव पहिलं म्हणून जाहीर करून टाकलं.

मग नियमाप्रमाणे मासा सोडायला आम्ही काठावर गेलो. मुलाने बादली तिरकी केली. मासा पाण्यात सरकला, कुशीवर वळला आणि तसाच तरंगत राहिला.

"दमला असेल," कुणीतरी म्हणालं. मी पाण्यात हात घालून तो उचलला. सकाळचं पाणी गारच होतं, पण मासा त्याहून गार. पोटाशी तर हाताला झोंबेल इतका. कल्ला उचलून पाहिला. नुकत्या मेलेल्या माशाचे कल्ले लाल असतात, जास्वंदीसारखे. याचे तपकिरी पडले होते. डोळा आत गेलेला, त्यावर दुधाळ साय. तापीकाठी वाढलेल्या माणसाला एवढं कळायला चष्मा लागत नाही. तो मासा आदल्या दिवशी बर्फात होता.

भोवती वीस-पंचवीस मुलं, त्यांचे आईबाप. मुलगा माझ्याकडे बघत नव्हता, तळ्याकडे बघत होता. वडील मंडळाचे जुने सभासद, गणपतीच्या वर्गणीत कधी हात आखडता न घेणारे. मी एवढंच म्हणालो, "स्पर्धा जिवंत माशांची होती. हा मेलेला आहे, धरता येणार नाही. रोहूवाली मुलगी पहिली." वडील बाजूला घेऊन म्हणाले, "आप्पा, मासा जिवंतच पाहिजे असं नियमात कुठं सांगितलं होतं?"

आणि खरं सांगतो, ते बरोबर बोलत होते. मी तसं सांगितलं नव्हतं. सोडायचा आहे म्हणजे जिवंतच असणार, हे मी गृहीत धरलं होतं. बर्फाबद्दल मी त्यांना तेव्हाही काही विचारलं नाही आणि नंतरही नाही. विचारायला हवं होतं की नाही, हे अजून मला ठरवता आलेलं नाही.

घरी आल्यावर नातवाने मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. तुमच्यातल्या पुष्कळांनी तो पाहिलाही असेल. अमेरिकेत ओहायो राज्यात क्लीव्हलंड शहर आहे, ईरी सरोवराच्या काठी. तिथे 30 सप्टेंबर 2022 रोजी वॉलआय नावाच्या माशाच्या स्पर्धांची अंतिम फेरी होती. दोघांच्या एका जोडीने पाच मासे आणले, वजन भरलं 33.91 पौंड, म्हणजे साडेपंधरा किलोच्या जवळपास. बक्षीस होतं सुमारे 28 हजार डॉलरचं. पण संचालकाच्या डोळ्यांना त्या लांबीचे मासे इतके जड वाटेनात. त्याने सर्वांसमोर सुरी घेऊन मासा चिरला. आतून शिशाचा गोळा निघाला. मग दुसरा, तिसरा. एकूण दहा गोळे, सात पौंडांचे. शिवाय दुसऱ्या माशांच्या मांसाचे तुकडेही आत कोंबलेले.

जमाव इतका खवळला की मारामारीच व्हायची. त्या व्हिडिओत मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही, की ज्याने चोरी पकडली तोच संचालक लोकांना आवरत होता, त्यांना हात लावू नका म्हणून सांगत होता. पुढे खटला झाला. मार्च 2023 मध्ये दोघांनी गुन्हा कबूल केला. मे महिन्यात शिक्षा झाली : दहा दिवस तुरुंग, दीड वर्ष देखरेखीखाली, तीन वर्षं मासेमारीचा परवाना निलंबित, दंड, आणि लाखभर डॉलरची बोट जप्त. आपल्याकडे परीक्षेत कॉपी करणाऱ्याला एवढी शिक्षा होत नाही, असं नातू म्हणाला. त्याला मी काही उत्तर दिलं नाही.

तिकडे अशा मोठ्या स्पर्धांत जिंकणाऱ्याला खोटं पकडण्याच्या यंत्रासमोर बसवतात, पॉलिग्राफ म्हणतात ते. मला आधी हसू आलं. पण कारण सरळ आहे. क्रिकेटमध्ये बावीस जण, दोन पंच आणि सारं मैदान बघत असतं. गळ टाकणारा एकटा असतो. पाण्यावर तो, त्याचा मासा आणि त्याची बादली. मधल्या वेळात काय झालं, ते पाहणारं कुणी नसतं. म्हणून या खेळात निम्मा पंच खेळणाऱ्याच्या आतच बसवावा लागतो, आणि तो बसला नसेल तर मग यंत्र आणावं लागतं.

आता दुसरी गोष्ट ऐका. हिच्यात लबाडी कुणाचीच नाही आणि म्हणून ती मला जास्त अवघड वाटते. जून 2023, अमेरिकेच्याच नॉर्थ कॅरोलायनामधली बिग रॉक नावाची ब्लू मार्लिनची स्पर्धा. 'सेन्सेशन' नावाच्या बोटीने सहा तास झुंजून मासा वर काढला. वजन 619.4 पौंड, म्हणजे 280 किलोंच्या वर. दुसऱ्या क्रमांकाच्या माशापेक्षा सुमारे एकशे पस्तीस पौंडांनी जास्त. बक्षीस तीस लाख डॉलरच्या पुढे. पण मासा बाद झाला. का? त्याला शार्कने चावा घेतला होता. नियम असा, की झुंज चालू असताना दुसऱ्या प्राण्याने जखमी केलेला मासा धरायचा नाही. रक्त गेलेला मासा पूर्ण ताकदीने लढत नाही, मग ती झुंज एकट्या माणसाने जिंकलेली राहत नाही. बोटवाल्यांनी दाद मागितली, पण निर्णय बदलला नाही.

मी ही गोष्ट आपल्या सात-आठ मुलांना सांगून मत विचारलं. अर्ध्यांना हा शुद्ध अन्याय वाटला : "शार्कला त्यांनी थोडंच बोलावलं होतं?" एक मुलगी म्हणाली, "पण नियम आधी माहीत होता ना? मग झालं." दोन्ही बाजूंनी जोरात भांडण झालं आणि मला बरं वाटलं. माझं मत त्या मुलीच्या बाजूने आहे. नशिबाने झालेलं नुकसान सोसणं जड असतं, पण नियम त्या दिवशी एकासाठी वाकवला, तर नियमावर विसंबून मुकाट राहिलेल्या बाकीच्यांचं काय? आणि तरीही, सहा तासांनंतर त्या बोटीवरच्या माणसांचे चेहरे मला दिसतात.

रीळवाली काठी मी गाडीत ठेवायला लावली, तेव्हा त्या मुलाच्या आईला ते आवडलं नव्हतं. "त्याच्याकडे आहे तर वापरू द्या की." हाच वाद आपल्या कोकण किनाऱ्यावर पोटापाण्याचा होऊन बसलाय. तिथे बक्षीस नाही, पण स्पर्धा आहेच, एकाच समुद्रातल्या माशासाठी. 1970 नंतर गोव्यात ट्रॉलर किनाऱ्यालगत येऊ लागले, तेव्हा रापण ओढणारे रापणकार रस्त्यावर उतरले. त्यांचं म्हणणं एवढंच, की किनाऱ्याजवळचा पट्टा आम्हाला राखून ठेवा, आमच्या जाळ्याला खोल पाणी झेपत नाही. त्यातून गोव्याचा 1980 चा कायदा आला आणि महाराष्ट्राचा 1981 चा. पुढे पर्ससीन जाळी आली, मग एलईडी दिवे. रात्री जनरेटर लावून प्रखर दिवे पाण्यावर सोडायचे, मासळी उजेडाला भुलून गोळा होते, लहान-मोठी सगळी, की जाळं आवळायचं. नोव्हेंबर 2017 मध्ये केंद्राने या दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. बंदी असूनही रात्री दिवे दिसतात, अशी पारंपरिक मच्छीमारांची तक्रार आजही वर्तमानपत्रांत येत असते. ज्याच्याकडे आहे त्याने वापरावं, हे म्हणणं तळ्याकाठी निरुपद्रवी वाटतं. समुद्रावर त्याचा अर्थ शेजाऱ्याची चूल विझणं असा होतो.

जुने कोळी पावसाळ्यात होड्या ओढून ठेवत आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर समुद्रात उतरत. माशांचा अंडी घालण्याचा काळ असतो तो. सगळ्यांनी एकदम थांबायचं आणि सगळ्यांनी एकदम निघायचं. शर्यतीत शिट्टी वाजवतात, तसंच हे. आज सरकार त्यालाच मासेमारी बंदीचा काळ म्हणतं.

हे सगळं दुसऱ्यांचं सांगतोय. आता माझं.

आमचं गाव तापीकाठी, प्रकाशाच्या अलीकडे. मी बारा वर्षांचा असेन. नदीच्या दोन्ही काठांवरच्या पोरांची उन्हाळ्यात पैज लागायची, आखाजीपर्यंत कोणता काठ जास्त मासे काढतो. आमच्या काठचा एक मोठा मुलगा विहिरी खोदणाऱ्यांच्या टोळीत होता. त्याने सुरुंगाची एक कांडी लपवून आणली. आम्ही चौघे त्याच्याबरोबर डोहावर गेलो. माझं काम होतं, कुणी येतंय का ते पाहायचं. आवाज फार मोठा झाला नाही, छातीत धक्का बसावा तसा झाला. पाणी फुगलं, बसलं आणि मग पांढरं होत गेलं. माशांची पोटं. बोटभर पिल्लांपासून हातभर माशांपर्यंत सगळं वर आलं. आम्ही तीन टोपल्या भरल्या आणि त्याहून जास्त तिथेच सोडून दिलं, कारण ते इतकं बारीक होतं की उचलायला कंटाळा आला.

पैज आम्ही जिंकलो. बक्षीस म्हणजे पेढे आणि वर्षभर मिशीला पीळ.

त्या डोहावर एक भिल्ल म्हातारा रोज बसायचा. एक काठी, एक गळ. संध्याकाळी दोन-तीन मासे घेऊन घरी जायचा, तेच त्याच्या घरचं कालवण. त्या स्फोटानंतर तो नेहमीच्या जागी बसलेला मी पाहिला. दुसऱ्या दिवशीही, आठवड्यानेही. मग तो वरच्या बाजूला, लांबच्या डोहाकडे जाताना दिसायला लागला. वयाच्या मानाने फार लांब होतं ते. त्याने आम्हाला कधी काही विचारलं नाही. त्याला माहीत होतं की नाही, कोण जाणे. मी पहारा देत होतो, तेव्हा माहीत असणारच.

स्फोटकं किंवा विष वापरून मासे मारणं हा आपल्याकडे 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी, सुरतेला नोकरीला लागल्यावर एका पुस्तकात कळलं. पण ते चूक आहे, हे कळायला मला कायद्याची गरज पडली होती असं मी म्हणणार नाही. बारा वर्षांच्या मुलालाही ते कळत होतं. म्हणून तर पहारा ठेवला होता. आता लक्षात येईल, काठावर तळ्याकडे बघत उभ्या असलेल्या त्या मुलावर मला का ओरडता आलं नाही.

सहलीच्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली, ती कुणाच्याच आवृत्तीत नाही. आपल्यातले एक वयस्कर माळकरी बाबा दिवसभर आंब्याखाली बसून हे सारं पाहत होते. निघताना त्यांनी मला हाक मारली आणि अहिराणीत विचारलं, "खावानं नई, ते टोचानं कसाले?" खायचा नाही, तर टोचायचा कशाला?

मी म्हटलं, बाबा, आपण परत सोडतो. ते म्हणाले, "तेच इचारस मी." मग टोपी नीट करून बसमध्ये चढले.

मला वाटलं होतं, सोडून देणं हीच आपली मोठी नीती. अमेरिकेत बास माशांच्या स्पर्धा सुरू करणाऱ्या रे स्कॉट यांनी 1972 मध्ये मासे जिवंत सोडायची मोहीम काढली, आता तिथे मेलेल्या माशाचं वजन कापतात. आपल्याकडे पवईच्या तलावावर गळ टाकणारे हौशी लोकही मासा सोडण्याचा आग्रह धरतात, आणि महसीरसारखा दुर्मीळ होत चाललेला मासा तर सोडलाच पाहिजे. पण बाबांचा प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून वाचत बसलो. 2003 साली लिन स्नेडन या ब्रिटिश संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या तोंडाशी इजा टिपणारे चेतातंतू असल्याचं दाखवलं. माशाला आपल्यासारखं दुखतं का, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे. पण स्वित्झर्लंडमध्ये आज नियम असा आहे, की परत सोडायच्याच इराद्याने मासा पकडायचा नाही. पकडायचा तर खाण्यासाठी. म्हणजे आमचे बाबा आणि स्विस सरकार एकाच बाजूला निघाले!

आणि आपल्या रायगड जिल्ह्यात, महाडजवळ वाळण कोंड आहे. काळ नदीतला डोह. तिथल्या महसीर माशांना कुणी गळ टाकत नाही, जाळं टाकत नाही. ते वरदायिनी देवीचे मासे. लोक चुरमुरे टाकतात, मासे पायांशी येतात. मी तिथे एकदा गेलोय. हातभर लांबीचे मासे, सोनेरी खवल्यांचे, माणसाला न घाबरणारे. तिथे स्पर्धा कसली घेणार?

या वर्षीच्या सहलीबद्दल कार्यकारिणीत चर्चा झाली. काहींचं म्हणणं, स्पर्धाच नको, पुन्हा वाद. मुलांना मात्र ती हवी आहे. तेव्हा सध्या ठरलंय ते असं : नियम लेखी, आणि ते मुलांनीच लिहायचे. गळाचं उलटं टोक कानशीने घासून काढायचं, म्हणजे काढताना तोंड फाटत नाही. हात ओले करूनच मासा धरायचा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग तो रोगाने मरतो. प्रत्येक काठावर दोन मुलं नोंद ठेवायला. आई-वडिलांनी आंब्याच्या अलीकडे थांबायचं. हा शेवटचा नियम मुलांनी सुचवला आणि एकमताने मंजूर केला. बाबांच्या प्रश्नाचं काय, ते कुणी सुचवलं नाही. मीही नाही. कदाचित ते पुन्हा विचारतील.

तो मुलगा त्यानंतर मंडळात फिरकला नाही. वडील येत, तो नसे. गणपतीत मात्र दिसला, आरतीला मागे उभा. प्रसाद वाटताना मी त्याला म्हटलं, जानेवारीत ताणकाट्याजवळ बसून वजनं लिहायला एक जण हवाय, येशील का?

तो वाटीतल्या खिरापतीकडे बघत राहिला. म्हणाला, "बघतो, आप्पा."